ऑगस्ट २०२५ च्या नोंदी, महाड

२ ऑगस्ट, शनिवार

सावित्री नदीवरचा जुना पूल गेला त्याला आज नऊ वर्षं झाली. आमच्याकडे येणाऱ्या पेपरात त्याची एक ओळही नाही. दूध घालायला येणाऱ्या पोराला विचारलं, तर म्हणाला, "कुठला पूल, बाई?" तेव्हा तो दुसरी-तिसरीत असेल. त्याला काय बोलणार!

पूल १९२८ सालचा. २०१६ च्या मे महिन्यात त्याची तपासणी होऊन वाहतुकीला धोका नाही असा निर्वाळा मिळाला होता. २ ऑगस्टच्या रात्री पुराच्या लोंढ्यात पूल गेला, आणि दोन एसट्या माणसांसकट गेल्या. काही मृतदेह पार समुद्रकिनाऱ्याला लागले. त्यानंतर तिथेच नवा पूल उभा राहिला, अवघ्या १६५ दिवसांत. २०१७ च्या जूनमध्ये उद्घाटनसुद्धा झालं.

हे १६५ दिवस मला पूल पडण्याहून जास्त छळतात. म्हणजे करता येतं. पैसा असतो, यंत्रं असतात, हुशार इंजिनिअर असतात, मनावर घेतलं की पुढचा पावसाळा लागायच्या आत काम पुरं होतं. फक्त आधी माणसं वाहून जावी लागतात. मे महिन्यातल्या त्या निर्वाळ्याखाली कुणाची तरी सही असणार. ती कुणाची आणि त्या माणसाचं पुढे काय झालं, हे बाजारपेठेत उभं राहून दहा जणांना विचारा, एकालाही सांगता येणार नाही.

पेपरात आज सगळीकडे खातेबदल. विधान परिषदेत बसून मोबाइलवर रमी खेळतात असा कृषिमंत्री कोकाट्यांचा व्हिडिओ गेले काही दिवस फिरत होता. त्यांचं म्हणणं, खेळत नव्हतो, मध्येच आलेली जाहिरात बंद करत होतो. असेलही. विरोधक राजीनामा मागत होते, सरकारने त्यांना क्रीडा खातं दिलं. हे वाचून ह्यांना एवढं हसू आलं की चहाचा ठसका लागला. मीही हसले. दुपारी पडल्या पडल्या मनात आलं, पंधरा वर्षांपूर्वी अशी बातमी वाचून आपण चिडलो असतो. दोन दिवस धुसफुसलो असतो. आता विनोद छान झाला म्हणून तो मुलीला पाठवतो.

आणि गेल्या दोन आठवड्यांतले ते दोन निकाल. २१ जुलैला हायकोर्टाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटातल्या बाराही जणांना सोडलं. ३१ जुलैला मालेगावच्या २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी सुटले. पुरावा टिकत नसेल तर सोडलंच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. निरपराध माणूस अठरा-एकोणीस वर्षं तुरुंगात काढत असेल तर त्याच्याइतकं भयंकर दुसरं काय. पहिल्या निकालाविरुद्ध सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आहे. पण लोकलमध्ये १८० हून जास्त माणसं मेली, मालेगावात सहा. ती कुणी मारली? एका निकालाने एका बाजूचे खूश, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूचे. हा प्रश्न मात्र आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन्ही दिवशी कुणी विचारला नाही. ग्रुपवर निम्मे शिक्षक आहेत.

५ ऑगस्ट, मंगळवार

महाडहून रायगडाकडे जाताना वाटेत नाते गाव लागतं. चिंतामणराव देशमुखांचा जन्म तिथला, १८९६ चा. नागरिकशास्त्र शिकवताना मला त्यांचा फार उपयोग व्हायचा. 'मंत्रिमंडळ विधिमंडळाला जबाबदार असते' हे वाक्य मुलं घडाघडा म्हणायची, पण जबाबदार असतं म्हणजे नेमकं काय असतं, हे पुस्तकात नव्हतं. मग मी १९५६ साल घ्यायची. एकाच वर्षातले दोन राजीनामे.

पहिला आमच्या तालुक्यातल्या माणसाचा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री, कुलाबा म्हणजे आताच्या रायगड मतदारसंघाचे खासदार. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरलं, मुंबईत गोळीबार झाला, त्याची न्यायालयीन चौकशीही होईना. चिंतामणराव मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि जाताना नेहरूंना लोकसभेत उभं राहून सुनावून गेले. दुसरा लालबहादूर शास्त्रींचा. मेहबूबनगरच्या रेल्वे अपघातानंतर दिलेला त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला नव्हता. नोव्हेंबरात अरियालूरला गाडी नदीत कोसळली, तेव्हा पुन्हा दिला आणि तो स्वीकारला गेला. रूळ काही शास्त्रींनी उखडले नव्हते. हे सांगितलं की वर्गात एखादं पोर हमखास विचारायचं, "मग त्यांनी का दिला, बाई?" त्या प्रश्नासाठीच मी ती गोष्ट सांगत असे.

आज जेवताना हा विषय निघाला आणि ह्यांनी माझी चांगलीच तासली. हे आयुष्यभर कारखान्यात हिशेब पाहत होते, भाबडेपणा ह्यांना चालत नाही. म्हणाले, "तुझी यादी १९५६ ला का थांबते? पुढे वाच की." मग मोजायला बसलो. मुख्यमंत्री अंतुले, जानेवारी १९८२, सिमेंट प्रकरणात हायकोर्टाने ठपका ठेवल्यावर. मुख्यमंत्री निलंगेकर, १९८६, मुलीच्या एम.डी.च्या गुणांचं प्रकरण, तेही हायकोर्टाच्या ताशेऱ्यानंतर. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर २००८ मध्ये तिघे, दिल्लीत गृहमंत्री शिवराज पाटील, इथे गृहमंत्री आर. आर. ऊर्फ आबा पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख. मुख्यमंत्री अशोक चव्हाण २०१० मध्ये, 'आदर्श' सोसायटीच्या घोटाळ्यामुळे. ह्यांचं म्हणणं, यातला स्वतःहून कोण गेला? कोर्टाने नाही तर दिल्लीच्या श्रेष्ठींनी घालवलं. आबा पाटील तर वर्षाच्या आत पुन्हा गृहमंत्री झाले. ते राजीनामे म्हणजे लोकांचा राग निवेपर्यंतची सुट्टी होती.

खरं आहे. पण मला त्यातलंच एक वेगळं दिसतं. मोठ्या शहरात अशा छोट्या घटना होतात, अशा अर्थाचं एक वाक्य आबा बोलून गेले आणि चार दिवसांत त्यांना खुर्ची सोडावी लागली. विलासराव हल्ल्यानंतरचं ताज पाहायला जाताना बरोबर मुलाला आणि एका सिनेमावाल्याला घेऊन गेले, त्यावरून गहजब झाला. एक वाक्य, एक फेरी, एवढं पुरत होतं. कुणीतरी घाबरत होतं. स्वतः मंत्री घाबरत नसेल, त्याचा पक्ष घाबरत होता, की लोक काय म्हणतील. गेल्या डिसेंबरात बीडच्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, मंत्र्यांच्या जवळच्या माणसावर कटाचा आरोप आला. मंत्र्यांचा राजीनामा आला मार्चमध्ये, ते अमानुष फोटो घरोघरी मोबाइलवर पोचल्यावर, आणि त्यातही प्रकृतीचं कारण होतं. आता फोटो लागतात. उद्या फोटोही पुरणार नाहीत.

हे म्हणाले, "तू निराश होतेस कारण तुझी अपेक्षा होती. माझी नव्हतीच." आणि ताक मागितलं.

९ ऑगस्ट, शनिवार, नारळी पौर्णिमा

दादा राखीला आला. पुण्याहून ताम्हिणीतून, माणगावात दीड तास अडकून. येताक्षणी सुरू झाला, "या देशाचं काही होऊ शकत नाही. इंग्रज होते तेच बरं होतं." क्रांतिदिनी! जेवण होईपर्यंत मी गप्प बसले, कारण ओवाळून झाल्यावर लगेच भांडण नको. दादाचं ठरलेलं भाषण असतं. आपल्या वेळी माणसं साधी होती, शेजारधर्म होता, जात कुणी विचारत नसे, आता सगळं नासलं.

जात कुणी विचारत नसे! महाडमध्ये बसून हे बोलायचं! मी त्याला दुपारी चवदार तळ्यावर घेऊन गेले. आपल्याच गावात आपण शेवटचे कधी तिथे बसलो होतो, हे दोघांनाही आठवेना. १९२४ मध्ये इथल्या नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं खरोखर पाणी प्यायली, तेव्हा त्यांना मारहाण झाली आणि मग शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. त्याच ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. कोर्टाची लढाई चालली ती १९३७ पर्यंत. साधी माणसं, शेजारधर्म! त्या घागरी वाहणारे आपल्याच आज्या-पणज्यांच्या शेजारचे असणार. घरातलेही असतील.

दादा म्हणाला, "मग तू तरी कशाला रडतेस? तुझ्या हिशेबाने तर आता सुधारणाच झाली."

मला लगेच उत्तर देता आलं नाही. सुधारणा झालीच आहे. माझ्या आईला जे जमलं नाही ते मला जमलं, मला जमलं नाही ते मुलीला जमतं. तळ्यावर आज कुणीही बसतं. आणि १९२७ च्या त्या लोकांना लाज वाटत होती असं तरी कुठे होतं? त्यांना आपण धर्म राखतोय असंच वाटत होतं. तेव्हा 'पूर्वी लाज होती, आता गेली' हे माझं लाडकं वाक्यही सरसकट खरं नाही.

मग गेलंय काय? मला वाटतं, जाब विचारला तर कधीतरी कुणीतरी उत्तर देईल हा विश्वास गेला. १९२७ ला पाणी पिणाऱ्यांना दहा वर्षं लागली, पण हायकोर्टाने शेवटी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांच्या हातात सत्ता नव्हती, पैसा नव्हता, पेपर काढले तेही पदरमोड करून. तरी विचारत राहिले. आमच्याकडे सगळं आहे आणि आम्ही फॉरवर्ड करतो. दादाने चहा होईपर्यंत आणखी तीन फॉरवर्ड केले. त्यातला एक चवदार तळ्याचा फोटो होता, खाली 'अभिमान' वगैरे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

शाळेत झेंडावंदनाला बोलावलं होतं. माजी शिक्षक म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची. मुलांची भाषणं ठीक होती, एका मुलीचं फार चांगलं. भाषणं कुणी लिहून दिली तेही ओळखू आलं.

अलिबागला जिल्ह्याचा झेंडा यंदा आदिती तटकऱ्यांनी फडकवला. जानेवारीत त्यांचं नाव पालकमंत्री म्हणून जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती मिळाली, कारण आमचे आमदार भरत गोगावले यांनाही ते पद हवं होतं. दोन्ही पक्ष सत्तेतलेच. आज ऑगस्ट अर्धा संपला तरी रायगडला पालकमंत्री नाही. प्रत्येक राष्ट्रीय सणाला झेंडा कोण लावणार यावर बातम्या होतात. जानेवारीत इथे समर्थकांनी महामार्गावर टायर जाळून रस्ता अडवला होता. तोच मुंबई-गोवा महामार्ग, ज्याचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय! रस्त्यासाठी आंदोलनं झालीच नाहीत असं नाही. पदयात्रा निघाल्या, खड्ड्यांत झाडं लावून झाली. पण पालकमंत्रिपदासाठीचा धूर जास्त उंच गेला, एवढं खरं.

कार्यक्रमानंतर मुख्याध्यापकांनी नववी-दहावीच्या मुलांशी 'दोन शब्द' बोलायला सांगितलं. मी त्यांना उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांबद्दल सांगितलं. सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे २००३ पासून प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरचे गुन्हे आणि संपत्ती जाहीर करावी लागते. तेव्हा आम्हा शिक्षकांना केवढा आनंद झाला होता! आमची समजूत अशी की लोकांना माहीत नसतं म्हणून ते चुकीची माणसं निवडतात. एकदा कळलं की संपलं. पुढे काय झालं? २००९ च्या लोकसभेत गुन्हे नोंद असलेले खासदार ३० टक्के होते, २०२४ च्या लोकसभेत ४६ टक्के, ५४३ पैकी २५१. यात आंदोलनांतले किरकोळ गुन्हेही धरलेले असतात, हेही मुलांना सांगितलं. पण चढण बघा. माहिती वाढत गेली तशीच ही संख्याही वाढत गेली.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, ज्याच्यावर केस आहे तोच काम करून देतो." वर्ग हसला. तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या वडिलांचं काही काम झालं असेल, पोलीस ठाण्यात नाहीतर तहसीलमध्ये, जिथे साध्या माणसाला कुणी उभं करत नाही. नियमाने जे मिळायला हवं ते नियमाने मिळत नाही, मग ते मिळवून देणारा दांडगा माणूस देवासारखा वाटणारच. संविधान स्वीकारण्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल सावध केलं होतं. धर्मात भक्तीने मुक्ती मिळत असेल, राजकारणात ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांचा सांगावा होता. मी हे शिकवलेलं आहे. पण भक्ती नुसत्या भाबडेपणातून येत नाही, तहसीलच्या खिडकीतूनही येते, हे त्या मुलाने एका वाक्यात सांगितलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार, हरतालिका

धाकटी डोंबिवलीहून पहाटे चारला निघाली, दुपारी दीडला पोचली. नातू गाडीत दोनदा ओकला. इंदापूर आणि माणगावचे बाह्यवळण रस्ते अजून झालेले नाहीत, त्यामुळे सगळी गर्दी गावातून. जूनपर्यंत रस्ता पुरा होईल असं दिल्लीच्या मंत्र्यांनी एप्रिलमध्ये सांगितलं होतं. कोकणात जाणाऱ्यांना टोलमाफीचे पास मात्र दरवर्षी वेळेवर मिळतात. मुलगी म्हणते, "आई, बोलू नकोस आता, गणपती आहेत." तिच्या पिढीची ही तऱ्हा आहे. ती रागावत नाही, वाट काढते. पहाटे लवकर निघायचं, पुढच्या वर्षी रेल्वेचं तिकीट मिळतंय का बघायचं, मुलाला पुढेमागे परदेशात पाठवायचं. सगळं शहाणपणाचं आहे. त्यात सरकार नावाची गोष्टच नाही, ऊन-पावसासारखं ते असतं, त्याला विचारायचं काय.

मालवणचा पुतळा कोसळला त्यालाही आज वर्ष झालं. राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा, डिसेंबर २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झालेला, नऊ महिनेही टिकला नाही. ताशी ४५ किलोमीटरचा वारा होता असं तेव्हाचे मुख्यमंत्री म्हणाले. कोकणात, ऑगस्टमध्ये! साडेतीनशेहून जास्त वर्षं समोर सिंधुदुर्ग उभा आहे त्या वाऱ्यात. पंतप्रधानांनी चार दिवसांनी पालघरला जाहीर माफी मागितली, हेही नोंदवायला हवं, कारण माफीसुद्धा आता दुर्मीळ झाली आहे. शिल्पकाराला आणि सल्लागाराला अटक झाली. मंत्री कुणी गेला नाही.

मोदकाचं सारण करून ठेवलं. गूळ यंदा फार ओला आहे.

३० ऑगस्ट, शनिवार

माझा एक जुना विद्यार्थी दर्शनाला आला होता. दहा वर्षांत तीन पक्ष झाले त्याचे, म्हणजे तो तिथेच होता, नेते हलले, असं त्याचं म्हणणं. २०२१ च्या पुरात मात्र त्याने कमरेएवढ्या पाण्यातून आम्हा दोघांना बाहेर काढलं होतं, हेही खरं. त्याच दिवशी तिकडे तळियेत दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्या रात्री तो तिकडेही गेला. असा तो आहे.

नगरपालिकेची निवडणूक आता लागणार. तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक बसलाय, नाल्याची तक्रार करायला नगरसेवकच नाही. सुप्रीम कोर्टाने मे महिन्यात कान उपटले म्हणून हालचाल सुरू झाली. आमच्या प्रभागाचं आरक्षण काय पडतं त्यावर तो उभा राहायचं ठरवणार आहे. "अर्जावर सूचक म्हणून तुमची सही पाहिजे, बाई. तुमची सही म्हणजे वजन पडतं."

मी विचारलं, सावित्रीतला गाळ काढायचं काय? पुराचं मूळ तेच आहे ना? तो म्हणाला, "ते वरचं काम आहे, बाई. आपल्या हातात नाही." गटारं? "ते करू." महामार्ग? हसला. तुझ्या प्रतिज्ञापत्रात काय असेल? "दोन केसेस. एक त्या जानेवारीतल्या टायरची." लपवलं नाही, तेवढं बरं वाटलं.

सही देणार नाही म्हणाले. आधी गटारांचं आणि पुराच्या वेळच्या भोंग्याचं लिहून आण, कधीपर्यंत काय करणार त्याच्या तारखांसकट, आणि नाही झालं तर काय करशील तेही लिही. तो म्हणाला, "बाई, हे काय बाँडपेपरवर लिहून द्यायचं असतं का?" म्हटलं, साध्या वहीच्या पानावर चालेल, खाली सही कर म्हणजे झालं. हे आतून ऐकत होते. तो गेल्यावर म्हणाले, "तो काही येत नाही परत. आणि तुझ्या सहीवाचूनही निवडून येईल."

येईलही. उद्या पाच दिवसांच्या गणपतींचं विसर्जन, आमचा गौरींबरोबर मंगळवारी. नगरपालिकेने घाटावर दिवे लावलेले नाहीत. सकाळी प्रशासकांच्या नावे अर्ज द्यायचा, पोच घेऊन.